चित्र, ध्वनि आणि एक तार

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत वेस्ट ऑरेंज नांवाचें एक गांव आहे. थॉमस एडिसनची प्रयोगशाळा तेथें होती. तिच्या आवारांत काळ्या डांबरी कागदानें मढविलेलें एक ओबडधोबड खोपटें उभें असे. कामकरी मंडळी त्याला विनोदानें 'ब्लॅक मारिया', म्हणजे कैद्यांना नेणारी काळी गाडी, असें म्हणत. १८९४ च्या अखेरीस किंवा १८९५ च्या आरंभीं एडिसनचा सहकारी विल्यम डिक्सन या खोपटांत हातीं व्हायोलिन घेऊन एका भल्यामोठ्या कर्ण्यापुढें उभा राहिला. तो वाजवूं लागला. शेजारीं दोन पुरुष एकमेकांस धरून नाचूं लागले. समोरचा कॅमेरा फिरूं लागला, आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकास मेणाच्या नळकांड्यावर सूर कोरले जाऊं लागले. चित्र आणि ध्वनि एकाच क्षणीं टिपण्याच्या प्रयोगांपैकीं आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना. चित्रपट अवघा १७ सेकंदांचा. परंतु चित्राची फीत एकीकडे राहिली, नळकांडें दुसरीकडे गेलें, आणि त्या दोहोंची पुन्हां गांठ पडण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. ती कशी पडली तें शेवटीं सांगणेंच बरें. कारण मधल्या शंभर वर्षांत जें घडलें त्यावांचून तें शक्य नव्हतें.

आज मुंबई, पुणें, नागपूर, बडोदें अशा शहरांतील अनेक सुखवस्तु घरांत एक देखावा सहज दिसतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठा पडदा, त्याच्या दोहों बाजूंस आणि बसणाऱ्यांच्या पाठीमागें ध्वनिक्षेपक, मधें एक ध्वनिवर्धक. या सर्व साहित्याला मिळून होम थिएटर म्हणावयाचें. कोपऱ्यांतल्या मेजावर संगणक असतो. रविवारची दुपार असते, मंडळी जमलेली असतात, आणि घरांतला मुलगा संगणकापासून एक तार नेऊन त्या साहित्यास जोडतो. तार बोटापेक्षांही बारीक, तिच्या टोकाचा प्लग चपटा, आणि त्याच्या पोटांत एकोणीस पिना. तिला एचडीएमआय म्हणतात.

वास्तविक काम दोन मिनिटांचें. पण तें नेहमीं दोन मिनिटांत उरकतें असें नाहीं. कधीं चित्र येतें, पण आवाज संगणकाच्याच पोटांतून निघत राहतो. कधीं आवाजही येतो, पण नटाचे ओठ मिटल्यावर त्याचे शब्द ऐकूं येतात. आणि कधीं सारें यथास्थित जुळून आलें असें वाटतें न वाटतें तोंच पडदा काळा पडतो, आणि हें चित्र येथें दाखवितां येत नाहीं अशा अर्थाची एक कोरडी ओळ त्यावर उमटते. चित्रपट विकत घेतलेला, संगणक विकत घेतलेला, पडदा आणि तारही विकत घेतलेली. मग परवानगी कोणाची, आणि ती मागावयाची कोणाकडे? पहिल्या दोन अडचणी यंत्रविद्येच्या आहेत. तिसरी तशी नाहीं. ती त्या तारेंत मागाहून, हेतुपुरस्सर घातलेली आहे. तार ही मुळांत वाट होती. त्या वाटेवर वेस केव्हां उभी राहिली आणि वेशीवर पहारेकरी कोणीं बसविला, हा इतिहास या घरगुती प्रसंगामागें दडलेला आहे.

चित्राला ध्वनीशीं बांधणारी पहिली तार ही तार नव्हतीच. ती दोरी होती. १८९५ सालीं एडिसननें आपला किनेटोफोन विकावयास काढला, तेव्हां प्रेक्षक एका पेटींत डोकावून पाही आणि कानांत रबरी नळ्या घालून फोनोग्राफ ऐके. चित्र व संगीत एकाच पेटींत असलें तरी त्यांची एकमेकांशीं गांठ नव्हती. चित्रांतली नर्तकी आपल्या लयींत नाचे आणि सूर आपल्या वाटेनें जात. १९१३ सालीं एडिसननें पुन्हां प्रयत्न केला. या वेळीं चित्र पडद्यावर पडत होतें. शब्द नटाच्या तोंडाजवळून यावयास हवेत म्हणून फोनोग्राफ पडद्यापाशीं ठेवावा लागे; प्रोजेक्टर असे प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला. दोहोंना एका गतीनें चालविण्यासाठीं कप्प्यांवरून एक लांब दोरी पडद्यापासून मागच्या खोलीपर्यंत ओढून नेलेली असे. ती दोरी सैल पडली, किंवा चालकाचा हात चुकला, कीं आवाज आधीं होई आणि तोंड मागाहून उघडे. दिवाणखान्यांतल्या आजच्या केबलचा खरा पूर्वज शोधावयाचा तर तो या दोरींत सांपडतो. चित्राचें यंत्र एका ठिकाणीं, ध्वनीचें दुसऱ्या ठिकाणीं, आणि मधलें अंतर हीच सारी अडचण.

वॉर्नर बंधूंच्या व्हायटाफोननें ही दोरी काढून टाकली. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं न्यूयॉर्क येथें 'डॉन जुआन' हा चित्रपट या पद्धतीनें दाखविण्यांत आला. प्रोजेक्टर आणि ध्वनीची तबकडी हीं दोन्ही एकाच मोटारीला जोडलेलीं होतीं. तबकडी १६ इंच व्यासाची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. चित्रपटाचें रीळ संपे त्याच सुमारास तीही संपे. ध्वनि मात्र आतां विजेच्या तारेंतून पडद्यामागच्या कर्ण्यांपर्यंत जाऊं लागला. पुढच्या वर्षीं, ६ ऑक्टोबर १९२७ रोजीं, 'द जॅझ सिंगर' झळकला आणि मूकपटाचे दिवस भरले. पण तबकडीचा दोष नेमका नाजूक जागीं होता. फीत तुटली आणि जोडतांना तिच्या चार चौकटी कापल्या गेल्या, तर तबकडीला त्याचा पत्ता नसे. तेथून पुढें रीळ संपेपर्यंत ओठ आणि शब्द यांची फारकत. म्हणून जेवढ्या चौकटी कापल्या गेल्या तेवढ्याच काळ्या चौकटी मधें चिकटवाव्या लागत. क्षणभर पडदा काळा होई, पण जुळणी टिके.

याला उत्तर म्हणून ध्वनि फितीवरच छापण्याची रीति पुढें आली. चित्राच्या कडेला प्रकाशाची एक बारीक पट्टी; तिच्या कमी-अधिक रुंदींत किंवा कमी-अधिक काळेपणांत सारा आवाज सांठविलेला. फीत तुटली तर दोन्हीं मिळून तुटत. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत लागलेला 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट याच मार्गाचा होता. अर्देशीर इराणी यांनीं तो काढला, तेव्हां स्टुडिओशेजारून आगगाड्या धडधडत जात, म्हणून पुष्कळसें काम रात्रीं, गाड्या थांबल्यावर, करावें लागलें. पुढच्याच वर्षीं प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'नें पडद्यावर मराठी भाषा आणली.

येथें एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. चित्राची फीत प्रोजेक्टरच्या खिडकीपुढें सेकंदाला २४ वेळां थबकते. थबकली नाहीं तर चित्र दिसणारच नाहीं. ध्वनीला असे धक्के सोसत नाहींत. त्याला अखंड वाहावें लागतें. म्हणून ज्या चौकटीचा जो आवाज तो तिच्या शेजारीं न छापतां सुमारें २० चौकटी पुढें छापीत, म्हणजे फीत थबकण्याची जागा आणि आवाज वाचण्याची जागा निराळ्या ठेवतां येत. दोघांना एकत्र ठेवण्यासाठीं आधीं त्यांना हिशेबानें वेगळें करावें लागलें! शिवाय ध्वनि हवेंतून चालतो तोही सावकाश. एका चौकटीच्या वेळांत तो सुमारें १४ मीटर जातो. तेव्हां मोठ्या चित्रपटगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द दोन-एक चौकटी उशिरां पोंचतो, आणि कोणी तक्रार करीत नाहीं. वीज आधीं चमकते आणि गडगडाट मागाहून होतो, हें माणसाच्या मनाला जन्मापासून ठाऊक असतें. उशिरां आलेला आवाज तें खपवून घेतें. आधीं आलेला खपवून घेत नाहीं. पुढें १९९८ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें याचें मापच नमूद केलें. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढें गेला तर प्रेक्षकाच्या लक्षांत येऊं लागतो. मागें मात्र तो १२५ मिलिसेकंद राहिला तरच.

घरांत हलतें चित्र आलें तें टेलिव्हिजनबरोबर. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीनें नियमित कार्यक्रम सुरू केले, तेव्हां चित्र ४५ मेगाहर्ट्झवर आणि ध्वनि ४१.५ मेगाहर्ट्झवर, असे दोन निरनिराळ्या लहरींवरून जात. घरच्या संचांत दोन्ही एका वेळीं पोंचत, त्यामुळें जुळणीची चिंता प्रेक्षकाला राहिली नाहीं. चित्र काढण्याची रीत मात्र पुढच्या हकीगतीसाठीं समजून घ्यावयास हवी. चित्रनलिकेंत इलेक्ट्रॉनांचा एक झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रेखी, मग झटकन् डावीकडे परत येई आणि खालची ओळ धरी. तळाशीं पोंचला कीं पुन्हां वर जाई. परतीच्या वाटेवर तो दिसूं नये म्हणून तेवढा वेळ मालवून ठेवलेला असे. अशा रीतीनें प्रत्येक ओळीनंतर थोडा आणि प्रत्येक चित्रानंतर बराच वेळ नुसता रिकामा जाई. या रिकाम्या वेळाचें पुढें नवल झालें.

टेलिव्हिजनच्या या संचाला बाहेरून आंत येण्यास सामान्यतः एकच दार होतें, एरियलचें. आणि घरांतला संचही केवळ प्रक्षेपण ऐकण्या-पाहण्यासाठींच आहे अशी सर्वांची समजूत होती. १९६६ सालीं राल्फ बेअर नांवाच्या अमेरिकन इंजिनियरनें ती समजूत मोडली. नाझी जर्मनींतून लहानपणीं कुटुंबासह निसटून आलेल्या या माणसाच्या मनांत आलें कीं, घरोघरीं पडून असलेल्या या पडद्यावर घरच्या माणसालाच कांहीं हलवितां कां येऊं नये? त्याच्या कल्पनेंतून १९७२ सालीं मॅग्नाव्हॉक्सचा 'ओडिसी' हा खेळ निघाला. त्याची पेटी एरियलच्या जागीं जोडावयाची. ती लहानसें प्रक्षेपणकेंद्र असल्याप्रमाणें सोंग घेई आणि टेलिव्हिजन फसे. गंमत अशी कीं, या पेटीला मुळींच आवाज नव्हता. चित्र घरांत शिरलें, ध्वनि बाहेरच राहिला. जणूं मूकपटाचा काळ पुन्हां एकदां आला.

घरगुती संगणकानें हीच युक्ति उचलली. १९७७ सालीं ॲपल टू निघाला तेव्हां स्टीव्ह वॉझनियाकनें टेलिव्हिजनची रंगीत चित्रें ज्या लहरींनीं बनतात त्यांच्याच हेलकाव्यांचा फायदा घेऊन थोड्या खर्चांत रंग उमटविले. पण संगणकास एरियलच्या दारांतून नेणारें उपकरण त्याच्या पेटींत घातलेलें नव्हतें. तें घातलें असतें तर शेजारपाजारच्या टेलिव्हिजनांत खरखर होईल म्हणून सरकारी नियमांची अडचण आली असती. तेव्हां संगणक एकानें विकावा आणि तें उपकरण दुसऱ्यानेंच विकावें असा तोडगा निघाला. नियम पाळला गेला आणि खरखरही व्हावयाची ती झालीच! आवाजाची स्थिति त्याहून गरीब. ॲपल टूच्या पोटांत लहानसा ध्वनिक्षेपक होता आणि तो टिकटिकल्यासारखा वाजे. इंग्लंडांत १९८२ सालीं निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचें चित्र टेलिव्हिजनवर उमटे, पण त्याची किरकिर संगणकाच्याच पेटींतून निघे. डोळे एका दिशेला आणि कान दुसऱ्या दिशेला. त्याच वर्षीं आलेल्या कमोडोर ६४ मध्यें बॉब यॅनिसनें आखलेली तीन स्वरांची चिप होती, आणि तिचा आवाज चित्राबरोबर एकाच तारेनें टेलिव्हिजनमध्यें जाई. संगणकाच्या चित्राला आणि ध्वनीला एका तारेंतून घरच्या पडद्याकडे नेणाऱ्या यंत्रांपैकीं घरोघरीं पोंचलेलें असें दुसरें यंत्र त्या काळीं क्वचितच सांपडेल.

हा संसार मात्र फार दिवस टिकला नाहीं. टेलिव्हिजनचा पडदा नाटकासाठीं बनविलेला; त्यावर एका ओळींत चाळीस अक्षरें बरीं दिसत, ऐंशी अक्षरें फिसकटत. चित्राच्या कडा तो चौकटीआड लपवी, म्हणून संगणकाला चारी बाजूंनीं रिकामा समास सोडावा लागे. कचेरींत पत्रें आणि हिशेब लिहिणाऱ्यास हें कसें चालावें? १९८७ सालीं आयबीएमनें व्हीजीए ही पद्धति आणली. टेलिव्हिजनवर सेकंदाला साडेपंधरा हजारांच्या आसपास ओळी रेखल्या जात. व्हीजीएमध्यें त्याच्या दुप्पट, सुमारें साडेएकतीस हजार. अक्षरें कोरल्यासारखीं दिसूं लागलीं, पण दिवाणखान्यांतला पडदा आणि मेजावरचा पडदा यांची भाषाच निराळी झाली. पुढचीं पंधरा वर्षें संगणकाचें चित्र टेलिव्हिजनवर आणावयाचें तर मधें दुभाष्या ठेवावा लागे, आणि तो बहुधा अर्धवट भाषांतर करी.

ध्वनीची शाखा तोंवर आपल्या वाटेनें वाढत होती. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें साउंड ब्लास्टर नांवाचें कार्ड काढलें आणि संगणकाला कंठ फुटला. त्याचा आवाज घरच्या ध्वनिवर्धकांत नेण्यास जे प्लग वापरीत त्यांची वंशावळ पाहिली तर मौज वाटते. एका टोकाचा बारीक गोल प्लग हा एकोणिसाव्या शतकांतील टेलिफोन एक्स्चेंजमध्यें बायका ज्या खुंट्या उपसून खोंचीत त्यांचा नातू; दुसऱ्या टोकाचा लाल-पांढरा प्लग हा १९३० नंतरच्या दशकांत आरसीए कंपनीनें ग्रामोफोन रेडिओला जोडण्यासाठीं काढलेल्या प्लगचा वंशज. म्हणजे एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा संगणक आपला आवाज आजोबांच्या हातानें पाठवीत होता. त्यांत पुन्हां एक छळ असे. संगणक एका प्लगवर, ध्वनिवर्धक दुसऱ्या प्लगवर. दोहोंच्या अर्थिंगमधें किंचित् फरक पडला कीं जोडतारेंतून तो फरक वाहूं लागे आणि ध्वनिक्षेपकांतून अखंड घूंघूं ऐकूं येई. हिंदुस्थानांत विजेचीं आवर्तनें सेकंदाला ५०. ती घूंघूं म्हणजे घरची वीजच गात असे. अनेकांनीं तार बदलली, ध्वनिवर्धक बदलला, दुकानदाराशीं भांडण केलें. दोष मात्र भिंतींत होता. याचा नामी तोडगा तोशिबा कंपनीनें १९८३ सालींच काढून ठेवला होता: तांब्याऐवजीं प्लास्टिकचा तंतु आणि विजेऐवजीं लाल प्रकाश. प्रकाशाला अर्थिंग नसतें. तो तंतु सीडी वाजविणाऱ्या यंत्रांसाठीं निघाला होता. संगणकाच्या पाठीवर त्याचें लाल डोळ्यासारखें भोंक दिसूं लागण्यास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

फ्रान्सनें या काळांत निराळाच मार्ग काढला होता, तो येथें सांगावयास हवा. तेथील कारखानदारांच्या संघानें १९७६-७७ च्या सुमारास २१ पिनांचा एक मोठा प्लग ठरविला आणि पुढें सरकारनें तो प्रत्येक टेलिव्हिजनवर सक्तीचा केला. स्कार्ट या नांवानें तो युरोपभर ओळखला जाई. चित्र आणि ध्वनि, जाणारे आणि येणारे, सारे त्या एका प्लगमधें. दिसायला बेढब, पण तो कोणालाही कांहीं विचारीत नसे.

विचारणें सुरू झालें तें डीव्हीडीपासून. नोव्हेंबर १९९६ मध्यें जपानांत डीव्हीडी आली. सहा वाटांनीं येणारा ध्वनि, जो १९९२ पासून मोठ्या चित्रपटगृहांत फितीच्या भोंकांमधल्या जागेंत छापला जात होता, तो आतां तळहाताएवढ्या तबकडीवर घरीं आला. होम थिएटर हा शब्द तेव्हांपासून खऱ्या अर्थानें घरोघरीं गेला. पण तबकडीवरचें चित्र कुलुपांत होतें, आणि किल्ली ज्यांनीं करार केला अशाच यंत्रांना मिळे. लिनक्स ही मुक्त प्रणाली चालविणाऱ्यांना अशी किल्ली मिळालेली नव्हती. दाम मोजून घेतलेली तबकडी स्वतःच्या संगणकावर लावली तर पडदा रिकामा. १९९९ सालीं नॉर्वेंतील योन लेक योहानसेन या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें दोघा अनामिक साथीदारांसह तें कुलूप उघडणारी प्रणाली प्रसिद्ध केली. चित्रपट व्यवसायाच्या तक्रारीवरून त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्यें ऑस्लोच्या न्यायालयानें त्याला निर्दोष सोडलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अपिलाच्या न्यायालयानेंही तोच निकाल कायम केला. आपण विकत घेतलेली तबकडी आपल्या यंत्रावर पाहणें हा गुन्हा नव्हे, असा त्याचा इत्यर्थ.

हा वाद नवा नव्हता. अमेरिकेंत चित्रपट कंपन्यांनीं सोनीवर फिर्याद केली होती, कीं तिच्या बीटामॅक्स यंत्रानें लोक टेलिव्हिजनचे कार्यक्रम घरीं टिपून ठेवतात. १७ जानेवारी १९८४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं निकाल दिला, कीं सवडीनें पाहण्यासाठीं घरीं टिपणें हें न्याय्य आहे. सोनी जिंकली, खरें म्हणजे घरमालक जिंकला. पण १९८९ सालीं सोनीनें कोलंबिया ही चित्रपट कंपनीच विकत घेतली. आणि डिसेंबर २००२ मध्यें ज्या सात कंपन्यांनीं मिळून एचडीएमआयची पहिली आवृत्ति प्रसिद्ध केली त्यांत हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, थॉमसन आणि तोशिबा यांच्या जोडीला सोनीही होती. एकेकाळीं घरमालकाच्या बाजूनें उभा असलेला वकील आतां दोन्हीं पक्षांचें वकीलपत्र घेऊन बसला होता, असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

तार म्हणून एचडीएमआय खरोखर सुंदर आहे. तिच्याविषयीं राग असला तरी हें कबूल करावें लागतें. १९९९ सालीं आलेल्या डीव्हीआय या तारेनें संगणक आणि सपाट पडदे यांची भाषा एक केली होती, पण ती मूळची मुकी होती. तिला वाचा द्यावयाची तर आवाजासाठीं नवीन वाट कोठून काढावयाची? येथें तो जुना रिकामा वेळ कामास आला. सपाट पडद्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत नाहीं. कोणी डावीकडे परत जात नाहीं, कोणी तळाहून वर येत नाहीं. तरीही प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर तो विराम जुन्या वहिवाटीप्रमाणें चालूच होता. एचडीएमआयच्या कर्त्यांनीं त्या विरामांत ध्वनि बसविला. आज आठ वाटांचा आवाज ज्या फटींतून येतो, ती चित्रनलिकेंतल्या झोताला परत जाण्यासाठीं सोडलेली फट आहे.

पण त्याच तारेंतून आणखी एक संभाषण चालतें. पडदा प्रथम संगणकाला आपली शक्ति सांगतो: चित्र केवढें झेपेल, ध्वनि किती वाटांचा चालेल. मधला ध्वनिवर्धक यांत घोळ घालतो, आणि आवाज संगणकाच्या पोटांतच राहतो तो बहुधा येथें. मग, चित्र कुलुपांतलें असेल तर, दुसरी विचारपूस सुरू होते. इंटेलनें आखलेल्या एचडीसीपी या व्यवस्थेंत प्रत्येक यंत्राला ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या दिलेल्या असत. दोन यंत्रें एकमेकांस ओळख पटवीत, मगच चित्र सुटे. आणि चित्र चालू असतांनाही दर कांहीं सेकंदांनीं ही ओळख पुन्हां पाहिली जाई. मधला एखादा दुवा अडखळला कीं पडदा काळा. व्हायटाफोनचा पडदा जुळणी राखण्यासाठीं क्षणभर काळा होत असे. हा जुळणी उत्तम असतांना काळा होतो. २००६ सालीं ब्लू-रे तबकड्या आल्या तेव्हां ज्यांनीं थोड्याच दिवसांपूर्वीं चांगले, महाग पडदे घेतले होते पण ज्या पडद्यांत या किल्ल्या नव्हत्या, त्यांना हा अनुभव पहिल्या दिवशीं आला. जुन्या साध्या तारांचाही शेवट करारानेंच ठरला. २०१० नंतर बनणाऱ्या ब्लू-रे यंत्रांनीं साध्या तारेंतून हलक्या प्रतीचेंच चित्र द्यावें, आणि २०१३ नंतर बनणाऱ्यांनीं मुळींच देऊं नये. चांगली चालणारी एखादी वस्तु झिजून बाद होते, मोडून बाद होते. तारीख लावून बाद होण्याचें हें उदाहरण वेगळें.

आणि या साऱ्या पहाऱ्यानें साधलें काय? सप्टेंबर २०१० मध्यें एचडीसीपीची मूळ किल्ली, जिच्यापासून बाकीच्या साऱ्या किल्ल्या बनत, ती कोणीतरी जगापुढें मांडली, आणि ती खरी असल्याचें इंटेलला मान्य करावें लागलें. चोरून नकला करणारांना त्यापूर्वींही वाटा सांपडतच होत्या. वेशीवर अडकत राहिला तो दाम मोजून आलेला प्रवासी. पुढें नवी, अधिक कडक आवृत्ति आली, आणि पहारा चालूच राहिला.

दुसरी अडचण, ओठ आणि शब्द यांची, तीही सपाट पडद्यांबरोबर पुन्हां घरांत आली. नवा पडदा प्रत्येक चित्र उजळण्यासाठीं, नितळ करण्यासाठीं थोडा वेळ आपल्याजवळ ठेवून घेतो. ध्वनि मात्र सरळ ध्वनिवर्धकांत जातो. म्हणजे आवाज आधीं, आणि माणसाचें मन नेमकें तेंच खपवून घेत नाहीं. २००६ सालच्या एचडीएमआय आवृत्तींत पडद्यानें आपला विलंब आपण होऊन सांगावा अशी सोय झाली. तरीही पुष्कळ घरांत ध्वनिवर्धकाच्या यादींत एक आंकडा हातानें बसवावा लागतो. घरांतला एकजण पडद्याकडे पाहतो, दुसरा आंकडा वाढवीत जातो, आणि कोणाच्या तरी टाळीचें किंवा दार आपटण्याचें दृश्य पुन्हां पुन्हां लावून पाहिलें जातें. १९१३ सालीं दोरी ताणून धरणारा मनुष्य हेंच करीत होता.

राहिली डिक्सनच्या व्हायोलिनची गोष्ट. फीत जपून राहिली होती, मुकीच. १९६० नंतर लौकरच एडिसनच्या जुन्या सामानाची मोजदाद करतांना एक फुटलेलें मेणाचें नळकांडें सांपडलें. त्याच्या डब्यावर डिक्सनच्या व्हायोलिनचा उल्लेख होता. १९९८ सालीं तें सांधून त्यांतला आवाज काढण्यांत आला. आवाज सुमारें दोन मिनिटांचा, त्यांत व्हायोलिन २३ सेकंद, आणि चित्र १७ सेकंदांचें. त्यांतही चित्र सेकंदाला ४० चौकटींच्या गतीनें घेतलेलें, म्हणजे आजच्या यंत्रांवर तें लावलें कीं नर्तक जडावल्यासारखे हालत. 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या ध्वनीबद्दल ऑस्कर मिळविलेल्या वॉल्टर मर्च यांच्याकडे हें काम २००० सालीं आलें. त्यांनीं चित्र आणि ध्वनि दोन्ही संगणकांत घेतलीं, चित्राची गति मूळपदावर आणली, आणि गजाचा कोणता ओढ कोणत्या सुराचा हें चौकटीमागून चौकट शोधीत नेलें. आतां तो चित्रपट कोणालाही घरीं, त्याच एकोणीस पिनांच्या तारेनें, पाहतां येतो. वाद्य सुरू होण्यापूर्वीं नळकांड्यावर एका माणसाचा आवाज आहे. तो कोणाचा तें कळत नाहीं. बाकीचे गडी तयार आहेत ना, असें तो विचारतो, आणि चालूं द्या म्हणतो.